मोटरहोमच्या टॉयलेटचा वास आणि सायट्रिक ॲसिडची पावडर: सविस्तर रिव्ह्यू

मोटरहोमच्या, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाडीच्या, टॉयलेटला वास येतोय म्हणून सुगंधी लिक्विडची एक बाटली संपली की दुसरी आणत असाल तर जरा थांबा आणि आधी साधी सायट्रिक ॲसिडची पावडर आणून बघा, म्हणजे आपलं लिंबूसत्व, जे किराण्याच्या दुकानात पण मिळतं. मी पाचपैकी साडेचार स्टार देतेय, अर्धा का कापला ते पुढे येईलच.

आधी गाडीबद्दल थोडं, म्हणजे तुमच्या गाडीशी जुळवून बघता येईल. आमची फोर्स ट्रॅव्हलरवर बांधलेली सेकंडहँड कॅम्पर आहे, आम्ही आणि माझ्या दिरांनी मिळून घेतलेली, मुलुंडला उभी असते. आत कॅसेट टॉयलेट आहे. ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी, भांड्याच्या खाली एक सपाट प्लास्टिकची टाकी असते, तीच कॅसेट, साधारण १८-२० लिटरची, ती गाडीच्या बाहेरच्या छोट्या दारातून ओढून काढायची आणि नेऊन रिकामी करायची. भांडं आणि कॅसेटच्या मधे एक सरकणारी पाती असते, तिला ब्लेड म्हणतात, आणि ब्लेडभोवती रबरी सील असतं. हे सील लक्षात ठेवा.

आणि टॉयलेटवर एवढं लिहिण्याचं कारण म्हणजे आम्ही गाडी घेतलीच मुळात टॉयलेटसाठी. माझ्या सासूबाईंचे गुडघे गेलेत, भारतीय पद्धतीच्या संडासात बसता येत नाही, आणि मुंबई-गोवा हायवेवर बायकांनी जायचं तर कुठे जायचं हे ज्या बायकांनी तो रस्ता केलाय त्यांना सांगायला नको. आई पनवेल सोडलं की पाणी प्यायच्याच नाहीत, थेट चिपळूणपर्यंत, सत्तरीच्या बाईने मे महिन्यात असं कोरडं बसायचं म्हणजे काय होत असेल विचार करा. कॅम्पर आली आणि आई प्रवासात बाटलीभर पाणी प्यायला लागल्या, मला त्याचा इतका आनंद झाला होता. मग वास यायला लागला आणि आईंनी परत पाणी बंद केलं. "नको गं, आत गुदमरायला होतं" म्हणाल्या. म्हणून मी हा विषय इतका मनावर घेतला.

तर मुद्दा असा की वास नक्की कुठून येतोय हे आधी शोधायचं, कारण बऱ्याचदा दोष कॅसेटचा नसतोच. सिंकचं आणि शॉवरचं पाणी ज्या ग्रे टँकमध्ये जातं तिथून पण जबरदस्त वास मारतो, त्यात गाडीत सुरमई नाहीतर बांगडे धुतले असतील तर विचारूच नका. सिंकखालच्या वाकड्या पाइपात जे पाणी साठून राहतं ना, वास अडवायला, ते घाटातल्या वळणांवर हिंदकळून निघून जातं, किंवा गाडी उभी असली की सुकून जातं, मग टँकमधली हवा सरळ वर. ओळखायचं कसं, तर सिंक आणि शॉवरच्या जाळीला बूच लावा, टॉयलेटचं दार बंद करून रात्रभर ठेवा आणि सकाळी उघडून बघा. डोळ्यांना झोंबणारा, नाकात चढणारा वास असेल तर तो अमोनिया, म्हणजे लघवीचा, म्हणजे कॅसेट. बूच काढल्यावर सडक्या अंड्यासारखा किंवा मोरी तुंबल्यासारखा वास आला तर ग्रे टँक, आणि मग हा रिव्ह्यू वाचून उपयोग नाही, ग्रे टँकला तेल-मसाल्याचा चिकटा असतो, त्याला गरम पाणी आणि भांड्यांचं लिक्विड लागतं.

आमचा झोंबणाराच होता.

आता हा वास लिक्विडने का जात नाही ते सांगते, हे कळलं की पुढचं सगळं सोपं आहे. ताज्या लघवीला फारसा वास नसतो. तिच्यात युरिया असतो, कॅसेटमधले जिवाणू तो फोडून अमोनिया करतात. अमोनिया झाला की आतलं पाणी अल्कलाइन होतं आणि लघवीतलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, फॉस्फेट हे सगळं विरघळलेलं असतं ते बाहेर पडून प्लास्टिकला चिकटतं. गीझरच्या कॉइलवर जसा पांढरा कडक थर बसतो तसाच, फक्त पिवळट-तपकिरी. हा थर खडबडीत असतो, त्याच्या खाचांत घाण आणि जिवाणू धरून बसतात, कॅसेट तुम्ही कितीही विसळा, ते तिथेच. पुढच्या वेळी कोणी टॉयलेट वापरलं की तासाभरात कामाला लागतात. म्हणजे लिक्विड ओतलं की काही दिवस बरं वाटतं आणि परत ये रे माझ्या मागल्या. थर काढल्याशिवाय सुटका नाही, आणि हा थर ॲसिडमध्ये विरघळतो, साबणात नाही.

इथे मुंबईची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. महापालिकेचं नळाचं पाणी तानसा, वैतरणा, भातसा या तलावांचं, पावसाचं साठवलेलं, ते सॉफ्ट असतं. पण कितीतरी सोसायट्यांत गाड्या धुवायला, फ्लशला बोअरवेलचं नाहीतर टँकरचं पाणी असतं आणि ते हार्ड. पार्किंगमधला नळ हमखास बोअरचा. गाडीची फ्लशची टाकी तिथून भरली की प्रत्येक फ्लशबरोबर आणखी कॅल्शियम आत जातं आणि थर लवकर चढतो. आम्ही आता फ्लशची टाकी घरातल्या नळाने भरतो, पाइप खाली सोडून, शेजारच्या काकांनी विचारलं पण हे काय चाललंय, त्यांना समजावलं. फरक पडतो.

पावडर मी प्रिन्सेस स्ट्रीटवरून आणली. काळबादेवीकडे केमिकलवाल्यांची दुकानं आहेत तिथे किलोचं पाकीट २०० रुपयांच्या आत मिळालं. दुकानदाराने विचारलं फूड ग्रेड देऊ की टेक्निकल, टॉयलेटसाठी टेक्निकल चालतं, पण भावात फार फरक नव्हता म्हणून फूड ग्रेड घेतलं, किटली आणि इलेक्ट्रिक कुकरचे क्षार काढायला पण तेच वापरता येतं. किराण्यात ५०-१०० ग्रॅमच्या पुड्या मिळतात, ढोकळ्यासाठी वगैरे, पण या कामाला त्या महाग पडतात. मोनोहायड्रेट आणि अनहायड्रस असे दोन प्रकार पाकिटावर लिहिलेले दिसतील, दोन्ही चालतात.

वापरायची पद्धत सविस्तर लिहिते कारण पाकिटावर यातलं काहीच नसतं.

कॅसेट रिकामी करून साध्या पाण्याने दोन-तीनदा विसळा. मग कपड्यांची एन्झाइमवाली पावडर असते ती दोन चमचे आणि अर्धी कॅसेट कोमट पाणी, झाकण लावून हलवा आणि दोन-तीन तास तशीच ठेवा. हे गाळू नका. थरावर जो बुळबुळीत चिकटा असतो तो आधी निघाला पाहिजे, नाहीतर ॲसिड खालपर्यंत पोचतच नाही. मग ते ओतून परत स्वच्छ विसळायचं.

आता लिंबूसत्व. पहिल्यांदा करताना एका लिटरला १०० ग्रॅम, असं चारेक लिटर बादलीत विरघळवून घ्या, पाणी कोमट असू दे, उकळतं नको. एक तर कॅसेटचं प्लास्टिक आणि रबर उकळत्या पाण्यासाठी नसतं, आणि दुसरं म्हणजे लिंबूसत्वाने सुटलेलं कॅल्शियम गरम पाण्यात कमी विरघळतं, ते कॅल्शियम सायट्रेट होऊन परत आतच बसायला बघतं, म्हणजे जास्त गरम केलं तर जास्त चांगलं हे इथे लागू नाही. कॅसेटमध्ये ओतल्यावर बऱ्याचदा फसफस होते, तो कार्बन डायऑक्साइड, म्हणून पहिला अर्धा-पाऊण तास कॅसेट सरळ उभी आणि झाकण सैल. फसफस थांबली की झाकण घट्ट लावून एका बाजूवर आडवी करा, काही तासांनी दुसऱ्या बाजूवर, मग उलटी, कारण थर सगळीकडे असतो, वरच्या बाजूला पण, फक्त तळाला भिजवून अर्धंच काम होतं. मी बादलीत जुनं फडकं घालून त्यावर ठेवते, व्हेंटमधून, म्हणजे कॅसेटमधली हवा सुटायच्या भोकातून, थोडं ठिबकतं. रात्रभर ठेवलं तर उत्तम.

एक गोष्ट लक्षात ठेवा. ॲसिड ओतल्यावर पाच-दहा मिनिटांत वास एकदम जातो. अमोनिया ॲसिडशी मिळून मीठ होतं आणि मिठाला वास नसतो, म्हणून. माझ्या दिरांनी तेवढ्यावर "वहिनी, झालं की काम" म्हणून कॅसेट उचलायला घेतली होती, पण थर आत तसाच होता, टॉर्च मारून दाखवला तेव्हा पटलं. वास गेला म्हणजे झालं असं नाही, टॉर्चने आतलं मूळ प्लास्टिक दिसलं पाहिजे. आमच्याकडे पहिल्या रात्रीनंतर ओतलेलं पाणी चहासारख्या रंगाचं निघालं, त्यात बारीक वाळूसारखे कण, आणि तरी कोपऱ्यात थोडं राहिलंच होतं, ते दुसऱ्या रात्रीला गेलं. जुनी गाडी असेल तर दोन वेळा धरूनच चाला.

भांड्याच्या कडेखाली आणि ब्लेडवर टिश्यू पेपर किंवा सुती चिंधी याच पाण्यात भिजवून चिकटवून ठेवायची, तासाभराने जुन्या टूथब्रशने घासली की निघतं. घासणी, तार वगैरे अजिबात नको, प्लास्टिकवर ओरखडे पडले की पुढचा थर तिथेच धरतो. व्हेंटचं बटण आणि आतला फ्लोट, जो कॅसेट भरली की दिवा लावतो, तिकडे पण ब्रश फिरवा, आमचा फ्लोट क्षाराने अडकला होता आणि रिकामी कॅसेट पण भरलेली दाखवायचा, तो आता नीट चालतो.

काय वापरू नका ते पण सांगते. घरच्या संडासाच्या क्लीनरमध्ये बहुतेक वेळा हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, ते सिरॅमिकच्या भांड्यासाठी बरं पण कॅसेटमध्ये धातूची स्प्रिंग, स्क्रू, रबर असतं, त्यांची वाट लागते. ब्लीच तर नकोच नको. ब्लीच आणि कुठलंही ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू होतो, आणि ब्लीच आणि लघवीचा अमोनिया एकत्र आले तरी क्लोरामाइनचे विषारी वायू होतात, आणि गाडीतलं टॉयलेट म्हणजे केवढं, कपाटाएवढं, तिथे हे झालं तर जिवावर बेतेल. कृपा करून हे घरात कामाला येणाऱ्या मावशींना किंवा गाडी धुणाऱ्या पोराला सांगून ठेवा, ते बिचारे चांगल्या हेतूने जे हाताशी असेल ते ओततात. खरं तर हे काम दुसऱ्यावर टाकूच नये असं माझं मत आहे, आपल्या घरातली घाण आहे, गॉगल आणि कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे घालून आपणच करावी, आणि करून घ्यायचीच असेल तर त्याला पण हातमोजे, गॉगल आणि नीट पैसे द्यावेत. व्हिनेगर चालेल का असं विचारतात, चालेल पण बाजारातलं ४-५ टक्क्यांचं असतं, लिटरच्या लिटर लागेल आणि त्याचा स्वतःचा वास वेगळाच.

आता तो अर्धा स्टार. एक, लिंबूसत्व फक्त क्षार काढतं, वास परत येऊ नये म्हणून रोजच्या वापराला काहीतरी लागतंच. आम्ही सेप्टिक टँकला चालणारं हिरवं लिक्विड वापरतो. जी लिक्विडं जिवाणू मारून वास थांबवतात ती कोकणातल्या घराच्या सेप्टिक टँकमध्ये गेली तर तिथले कामाचे जिवाणू पण मरतात, आणि आम्ही बऱ्याचदा गावाला जाऊनच कॅसेट रिकामी करतो, म्हणून हिरवं. दोन, फरशी. मार्बल, कडप्पा, कोटा हे सगळे चुन्याच्या जातीचे दगड, लिंबूसत्वाचा थेंब पडला तरी पॉलिश जाऊन पांढरट डाग राहतो, आणि मुंबईतल्या कितीतरी घरांत मोरीला कडप्पा आणि बाथरूमच्या उंबऱ्याला मार्बल असतो. कॅसेट नेताना खाली जुना रेनकोट अंथरा. तीन, पावसाळ्यात पावडर हवेतली ओल धरून दगड होते, घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या किंवा काचेच्या बरणीत ठेवा आणि मोठ्या अक्षरात नाव लिहा, दिसायला हुबेहूब साखर असते, घरात मुलं असतील तर फारच जपा.

रिकामं कुठे करायचं यावर पण बोलायलाच हवं. राज्याचं कॅराव्हॅन धोरण २०२१ ला आलं, गाड्या रस्त्यावर दिसायला लागल्या, आणि रस्त्याकडेच्या गटारात कॅसेट ओतणारे लोक मी स्वतः बघितलेत. मुंबईत पावसाचं पाणी वाहून नेणारी गटारं आणि मलवाहिन्या वेगळ्या आहेत, रस्त्याच्या जाळीत ओतलेलं काहीही प्रक्रिया न होता नाल्यात, मिठी नदीत, खाडीत जातं. घरच्या कमोडमध्ये हळूहळू ओता, वर दोन बादल्या पाणी, एवढंच तर करायचंय. लिंबूसत्वाचं पाणी पण तसंच, ते कमोडला काही करत नाही, उलट साफ करतं.

आणि सील. सगळं लख्ख करूनही वास राहिला तर नव्वद टक्के सील. ब्लेड बंद करून भांड्यात पेलाभर पाणी ओता, तासाभरात ते खाली झिरपलं तर सील गेलं. झिरपलं नाही पण ब्लेड घट्ट सरकतंय तर सील कोरडं पडलंय, त्याला सिलिकॉन ग्रीस लावायचं, नागदेवी स्ट्रीटला मिळतं, छोटी ट्यूब पुष्कळ पुरते. व्हॅसलिन नको, पेट्रोलियम जेलीने रबर फुगतं. खोबरेल पण नको, आमच्याकडे सगळ्यात आधी तेच सुचवलं गेलं, पण ते हळूहळू चिकट होतं आणि २४-२५ डिग्रीच्या खाली थिजतं, म्हणजे थंडीत महाबळेश्वरला ब्लेड जॅम. सील साफ करताना ॲसिडचं पाणी नीट धुऊन टाका, पुसून सुकवा आणि मगच ग्रीस.

छताचा पंखा चालू ठेवून ब्लेड उघडलं तरी वास येतो हे पण सांगून ठेवते, पंखा गाडीतली हवा बाहेर ओढतो आणि तिची जागा भरायला कॅसेटमधली हवा वर येते. टॉयलेट वापरताना पंखा बंद, टॉयलेटची खिडकी थोडी उघडी.

आता आमचं वेळापत्रक असं की पाऊस सुरू व्हायच्या आधी एकदा आणि दिवाळीच्या आधी एकदा लिंबूसत्वाची रात्र, मधल्या काळात दर फेरीनंतर नुसतं विसळणं. पावसाळ्यात गाडी उभी असते तेव्हा कॅसेट धुऊन, सुकवून, ब्लेड थोडं उघडं ठेवते, म्हणजे सील दबून राहत नाही आणि चिकटत नाही. आई गणपतीला गाडीतून गावाला आल्या, वडखळच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा त्यांनी स्वतःहून पाण्याची बाटली मागितली.

कोणाचं सील फाटलेलंच असेल तर एक सांगते, ते परदेशी कंपनीचं असतं आणि तुमच्या टॉयलेटच्या मॉडेलप्रमाणे साइज बदलते, कॅसेटच्या स्टिकरवर मॉडेल नंबर असतो त्याचा फोटो काढून ठेवा आणि मागवायचं असेल तर एप्रिलमध्येच मागवा, मे महिन्याच्या सुट्टीच्या तोंडावर ऑर्डर केलंत तर सुट्टी संपेपर्यंत वाट बघत बसाल. जुनं सील हाताने ओढून निघतं, स्क्रूड्रायव्हर घालू नका, बसायची खाच खरवडली की नवीन सील पण गळतं.